माळवद, पत्रा आणि स्लॅब : घरदुरुस्तीचा न मांडलेला हिशेब

पुणे-सोलापूर महामार्गावर, भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात वसलेले माढा तालुक्यातील टेंभुर्णी आज बाहेरून पाहणाऱ्याला गाळे, गोदामे, हॉटेले आणि सिमेंटच्या दुमजली इमारतींचे बाजारगाव वाटते. दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी सदाशिवराव माणकेश्वर याच्या नावाशी जोडलेला भुईकोट या गावात आहे, आणि त्या काळापासून साधारणपणे विसाव्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकापर्यंत या सगळ्या परिसरात घर म्हणजे माळवद हेच समीकरण होते. दगड, माती आणि लाकूड यांच्या आधारावर उभ्या राहिलेल्या या घरांत आजही कुटुंबे राहतात, आणि त्यांतील बहुतेकांपुढे कधी ना कधी एकच प्रश्न उभा राहतो : घर दुरुस्त करावे, अर्धे बदलावे, की पाडून नवे बांधावे? या प्रश्नाचे उत्तर देताना जो हिशेब मांडला जातो तो प्रत्यक्ष खर्चाशी क्वचितच जुळतो, आणि न जुळण्याचे कारण नशिबावर, महागाईवर किंवा गवंड्यावर ढकलले जाते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन वेगळे आहे. जुने घर ही एकमेकांवर अवलंबून असलेल्या घटकांची एकसंध रचना असते, आणि तिचा एक घटक बदलला की उरलेल्या घटकांवर येणारा ताण हाच पुढे ‘अनपेक्षित खर्च’ या नावाने समोर येतो; म्हणूनच हा खर्च पुष्कळ अंशी आधी ओळखता येतो.

माळवदाची रचना

माळवद म्हणजे मातीचे सपाट छप्पर. दगडी बैठकीवर उभे केलेले लाकडी खांब, खांबांवर आडव्या टाकलेल्या तुळया, तुळयांवर जवळजवळ बसवलेल्या कड्या, त्यांवर लाकडी फळ्या किंवा काटक्या, त्यावर कडुनिंबासारख्या कीड न लागणाऱ्या पाल्याचा थर, त्यावर चिखल आणि सर्वांत वर चोपून बसवलेली पांढरी माती अशी त्याची साधारण रचना असते. ही चुनखडीयुक्त पांढरी माती काळ्या मातीसारखी फुगत किंवा फाटत नाही, म्हणून छपरासाठी ती निवडली जात असे. दोन तुळयांमधल्या अंतराला खण म्हणतात, आणि घराचा आकार चौरस फुटांऐवजी खणांत सांगण्याची पद्धत होती. फळ्यांचे छत असलेल्या प्रशस्त घरांत त्याला कडीपाट म्हणत. धुरासाठी आणि उजेडासाठी छपरात झरोका ठेवलेला असे, आणि पावसाचे पाणी बाहेर फेकण्यासाठी कडेला पन्हळ बसवलेली असे.

या रचनेतील सर्वांत महत्त्वाची आणि आज सर्वाधिक विसरली गेलेली गोष्ट अशी की, खणांच्या पद्धतीने बांधलेल्या घरात छपराचे ओझे मुख्यतः लाकडी खांबांवर असते, आणि भिंती या सांगाड्याभोवतीचे जाड आवरण असतात. अनेक घरांत हे खांब भिंतीच्या आत गाडलेले असल्यामुळे ते दिसत नाहीत, आणि न दिसणारी वस्तू अंदाजपत्रकातही येत नाही.

दुसरी गोष्ट निगेची. माळवद दरवर्षी मृगाच्या आधी पाहावे लागते : त्यावर उगवलेले गवत मुळासकट काढायचे, भेगा बुजवायच्या, नवी माती टाकून चोपायची, पन्हळीकडचा उतार पुन्हा साधायचा. हे काम पूर्वी घरच्या माणसांच्या श्रमातून होत असल्यामुळे त्याचा पैशांतला खर्च कुणी लिहून ठेवला नाही. मात्र जुनी माती न काढता दरवर्षी वर नवी माती टाकत गेल्याने अनेक माळवदांची जाडी पिढीगणिक वाढत गेली. १० बाय १० फुटांच्या खोलीवर १ फूट जाडीची माती असेल, तर ती १०० घनफूट, म्हणजे बांधकामाच्या भाषेत बरोबर १ ब्रास भरते आणि तिचे वजन कोरड्या अवस्थेतही साडेचार टनांच्या आसपास जाते. जाडी दीड फूट झाली की हेच वजन पावणेसात टनांकडे झुकते. याउलट त्याच खोलीवरील ५ इंची सिमेंट-सळईच्या स्लॅबचे वजन सुमारे ३ टन असते. म्हणजे वजनाच्या बाबतीत स्लॅब हा माळवदापेक्षा हलकाही ठरू शकतो. दोहोंतला खरा फरक हे वजन कुठून आणि कशावरून जमिनीत उतरते यात आहे.

निर्णयाची वेळ कशामुळे आली

या पट्ट्यातील घरांचा प्रश्न तीन घटनाक्रमांनी तीव्र केला. पहिला पाण्याचा. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले, कालव्यांनी पाणी आले, ऊस आला आणि त्याबरोबर साखर कारखान्यांचे बिल हा ग्रामीण घरखर्चाचा मुख्य आधार झाला. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस तोडून दिल्यावर १४ दिवसांत त्याची किंमत मिळायला हवी, परंतु ती अनेकदा हप्त्याहप्त्याने हाती येते, आणि घराचे कामही त्याच हप्त्यांच्या गतीने चालते. घर उघडायचे ठरते ते पैसा आल्यावर, आणि पैसा थांबला की छप्पर उतरवलेले घर तसेच पावसाळ्याला सामोरे जाते. ऊसशेतीने घरच्या श्रमाचे गणितही बदलले. शेतातच बारमाही काम असलेल्या घरात माळवदावर माती चोपायला माणूस उरला नाही.

दुसरा घटनाक्रम भूकंपाचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने आठ हजारांच्या आसपास माणसे गेली, आणि त्यांतील पुष्कळशी माणसे जाड दगडमातीच्या भिंती व मातीची छपरे अंगावर कोसळून दगावली. टेंभुर्णीहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या गावांतून ही बातमी केवळ वृत्तपत्रांतून नव्हे, तर नात्यागोत्यांतून पोहोचली, आणि माळवदाविषयीची भीती घराघरांत शिरली. ती भीती खरी होती, पण तिच्यातून निघालेला निष्कर्ष अपुरा होता. भूकंपानंतरच्या पाहणीत असेही दिसले की, दोन स्वतंत्र थरांत रचलेल्या आणि एकमेकांत न गुंतलेल्या दगडी भिंती फुगून पडल्या, तर खणांचा लाकडी सांगाडा जिथे धड होता तिथे भिंती ढासळूनही छप्पर काही ठिकाणी उभे राहिले. म्हणजे छपराची अतिरिक्त माती उतरवणे, भिंतीची पूर्ण जाडी ओलांडणारे जोडदगड बसवणे आणि सांगाडा बांधून घेणे हे उपाय उपलब्ध होते. भारतीय मानक संस्थेने मातीच्या इमारतींसाठी १३८२७, कमी ताकदीच्या दगडी-विटांच्या बांधकामासाठी १३८२८ आणि दुरुस्ती व मजबुतीकरणासाठी १३९३५ या क्रमांकांची मानके त्याच वर्षी, १९९३ मध्ये, प्रसिद्ध केली होती. तरीही पुनर्वसन कार्यक्रमात दुरुस्तीसाठी मदत मिळालेल्या पुष्कळ कुटुंबांनी जुने घर मजबूत करण्याऐवजी शेजारी एक नवी पक्की खोली बांधणे पसंत केले.

तिसरा घटनाक्रम पावसाचा. सोलापूर जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरांच्या आसपास, आणि माळवद हे अशाच कमी पावसाच्या प्रदेशाचे छप्पर आहे. परंतु हा पाऊस अलीकडे थोड्या दिवसांत कोसळतो. ऑक्टोबर २०२० मधील अतिवृष्टीने आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला आलेल्या पुराने माढा तालुक्यासह जिल्ह्यात अनेक घरांचे नुकसान केले. १,००० चौरस फुटांच्या छपरावर एका दिवसात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर साडेचार हजार लिटरांहून अधिक पाणी त्यावर जमते, आणि बुजलेल्या पन्हळीमुळे ते तिथेच थांबले तर माती ते शोषून घेते आणि आधीच जड झालेले छप्पर आणखी जड होते.

पत्रा, स्लॅब की नवे घर

अशा स्थितीत सर्वांत स्वस्त वाटणारा पर्याय म्हणजे माळवदाच्या वर लोखंडी कैच्या उभारून पत्रा टाकणे. पावसापासून तत्काळ संरक्षण मिळते, माती कोरडी राहते आणि दरवर्षीचे काम थांबते; म्हणून तात्पुरता उपाय म्हणून तो शहाणपणाचा आहे. परंतु माती तशीच ठेवून वर पत्रा आला की खालचे वजन कायम राहते, आणि ज्या छपरावर आता कुणी चढत नाही त्याच्या तुळईला लागलेली वाळवी ती वाकेपर्यंत कळत नाही. उलट माती काढून नुसता पत्रा ठेवला, तर ४२ अंशांपलीकडे जाणाऱ्या उन्हाळ्यात घर दुपारी राहण्यायोग्य उरत नाही, कारण मातीचा जाड थर दिवसाची उष्णता सावकाश आत सोडतो आणि पत्रा ती लगेच सोडतो. मग खाली फॉल्स सीलिंग, पंखे, कूलर आणि वाढलेले वीजबिल हे खर्च ओळीने येतात. छप्पर बदलताना यांतला एकही खर्च छपराच्या खाती धरलेला नसतो.

दुसरा पर्याय जुन्या भिंतींवर स्लॅब टाकण्याचा, आणि सर्वांत धोक्याचाही तोच. मातीत रचलेली भिंत कोरडी असताना बरेच ओझे पेलते, पण तळाशी ओल चढली की तिची ताकद झपाट्याने घटते. खांब काढून टाकले म्हणजे जे ओझे लाकडी सांगाडा वाहत होता ते पूर्णपणे या भिंतींवर येते, आणि स्लॅब हा एकसंध कडक थर असल्यामुळे एका कोपऱ्यातली भिंत खचली तरी त्याला तडा जातो. म्हणून जाणकार अभियंता अशा घरात स्वतंत्र कॉलम घ्यायला सांगतो, आणि तिथून दुरुस्तीचे काम नव्या बांधकामात बदलते.

तिसरा पर्याय संपूर्ण पाडून नव्याने बांधण्याचा. तो सर्वांत महाग असला, तरी त्याचा अंदाज तुलनेने नीट बांधता येतो, कारण त्यात झाकलेले फारसे काही नसते. दुरुस्तीचा अंदाज चुकतो आणि नव्या बांधकामाचा कमी चुकतो, या अनुभवामुळेच कुटुंबे पाडण्याकडे वळतात. वास्तविक दोहोंतला फरक किमतीइतकाच माहितीचा आहे, आणि माहिती मिळवणे पाडकामापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.

जे आधी मोजले जात नाही

पहिला न मोजलेला खर्च उतरवलेल्या मातीचा. चार खोल्यांचे माळवद दीड फूट जाडीचे असेल, तर किमान ६ ब्रास माती निघते, आणि खणल्यावर माती सैल होऊन तिचे आकारमान पावपटीने वाढते. गावठाणाच्या अरुंद बोळात ट्रॅक्टर शिरत नसेल तर ही माती डोक्यावरून बाहेर न्यावी लागते. पाडकामाच्या दरात राडारोडा हलवणे धरले आहे की नाही, हा प्रश्न आधी न विचारल्यास त्याचे उत्तर वादातून मिळते.

दुसरा खर्च जमिनीखालचा. या भागातील काळी माती पाणी मिळाले की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते; तिच्यावर उथळ पाया घेतला तर दर ऋतूत भिंती हलतात. पाया घट्ट मुरमापर्यंत नेणे, काळी माती काढून मुरूम भरणे, किंवा तळाशी फुगवटा असलेले खोल खुंट घेऊन त्यांवर तुळई टाकणे हे त्यावरचे मान्य उपाय आहेत, पण मुरूम ४ फुटांवर लागेल की ९ फुटांवर, हे खड्डा घेतल्याशिवाय समजत नाही. काम ठरण्यापूर्वी घेतलेला एक परीक्षण-खड्डा, म्हणजे जमीन पाहण्यापुरता खणलेला खड्डा, पुढची मोठी रक्कम सांगून जातो.

तिसरा खर्च शेजाऱ्याच्या भिंतीचा. गावठाणातील घरे एकमेकांना टेकून उभी असतात आणि कित्येकदा मधली भिंत सामाईक असते. आपल्या बाजूला कॉलमचा खड्डा खोल घेतला की शेजारच्या उथळ पायाखालची माती सरकते, आणि आपल्या घराच्या कामात दुसऱ्याच्या घराची दुरुस्ती येऊन पडते. खड्डे एकाच वेळी न घेता एकाआड एक घेणे, शेजारच्या भिंतीला टेकू देणे आणि दोन्ही कुटुंबांनी तिच्या स्थितीची छायाचित्रे आधीच काढून ठेवणे, या साध्या गोष्टींनी पैसा आणि संबंध दोन्ही वाचतात. ज्या घराची वाटणी झालेली नाही किंवा वारसनोंद राहिली आहे, तिथे हाच प्रश्न भावकीतील संमतीचा होतो. काम अर्ध्यावर थांबण्याचे ते एक मोठे कारण आहे. एप्रिल २०२० मध्ये जाहीर झालेल्या स्वामित्व योजनेतून गावठाणातील मिळकतींची ड्रोनने मोजणी करून मालमत्तापत्रक देण्याचे काम सुरू झाले, आणि कर्जासाठी ते उपयोगी पडते. मात्र हिश्श्यांचा निर्णय कुटुंबालाच करावा लागतो.

चौथा खर्च विसंगत साहित्याचा. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला तर तो सुरुवातीला देखणा दिसतो, पण माती ओलाव्याप्रमाणे थोडी हलते आणि सिमेंट हलत नाही, त्यामुळे तो पापुद्र्यासारखा सुटतो. त्याहून वाईट म्हणजे, जमिनीतून वर चढलेली ओल पूर्वी मातीच्या गिलाव्यातून उडून जात असे, ती आता आत कोंडते आणि भिंत आतून भुसभुशीत होते. शहाबादी फरशी काढून चकचकीत टाइल्स बसवल्यावर जी ओल फरशीच्या सांध्यांतून निघून जात होती ती भिंतीकडे वळते, आणि कुटुंबाला वाटते की नवे प्लास्टर निकृष्ट होते. अशा भिंतींना माती-चुन्याचा गिलावा, भोवती पाणी दूर नेणारा उतार आणि गळक्या न्हाणीघराची दुरुस्ती हे उपाय स्वस्त आहेत, पण ते रंगाच्या आधी व्हायला हवेत. हाच क्रम विजेच्या आणि पाण्याच्या कामाला लागू आहे : जुनी तार, नसलेले अर्थिंग आणि शोषखड्ड्याची जागा यांचा विचार फरशी बसल्यावर केला, तर फरशी दुसऱ्यांदा फोडावी लागते.

पाचवा खर्च वेळेचा. प्रबलित काँक्रीटसाठीच्या ४५६ क्रमांकाच्या मानकानुसार साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस आणि राखमिश्रित सिमेंटच्या काँक्रीटला किमान १० दिवस ओलावा द्यावा लागतो, तसेच साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू ७ दिवसांआधी आणि त्याहून मोठ्या स्लॅबखालचे १४ दिवसांआधी काढता येत नाहीत. या काळात पाण्याचा टँकर, सेंट्रिंगचे भाडे, इतरत्र राहण्याचे भाडे, धान्य आणि जनावरे हलवण्याची सोय असे खर्च चालूच राहतात. हे दिवस वाचवले तर स्लॅब कमकुवत राहतो, आणि त्याची गळती काही वर्षांनी वॉटरप्रूफिंगच्या खर्चाच्या रूपाने परत येते.

ठेका आणि अंदाजपत्रक

काम उक्ते द्यावे की रोजंदारीवर, हा निर्णय वरील सर्व खर्चांवर परिणाम करतो. उक्ते म्हणजे ठरावीक रकमेत पूर्ण काम; रोजंदारी म्हणजे दिवसाच्या मजुरीवर, साहित्य घरमालकाचे. नव्या बांधकामाला उक्ते सोयीचे पडते, कारण मोजमाप स्पष्ट असते. जुन्या घरात मात्र उघडून पाहिल्याशिवाय काम किती हे गवंड्यालाही माहीत नसल्यामुळे तो एक तर धोका धरून जास्त आकडा सांगतो, किंवा कमी आकडा सांगून पुढे प्रत्येक गोष्ट ‘जादा काम’ म्हणून मोजतो. यावर मधला मार्ग असा की, उघडणे, पाहणे आणि सांगाडा नीट करणे हे पहिल्या टप्प्याचे काम रोजंदारीवर करून घ्यावे, आणि काय करायचे ते निश्चित झाल्यावर उरलेले काम मोजमापासह लेखी करारावर उक्ते द्यावे. सरकारी अंदाजपत्रकांत आकस्मिक खर्चासाठी साधारणपणे ३ ते ५ टक्के रक्कम धरली जाते. माळवदासारख्या झाकलेल्या रचनेत एवढी तरतूद तोकडी पडते, आणि ज्या कुटुंबाला एकूण खर्चाच्या पाचव्या हिश्श्याइतकी रक्कम बाजूला ठेवणे शक्य नाही त्याने कामाचाच आकार लहान ठेवणे अधिक सुरक्षित.

धोरणाला दुरुस्ती दिसत नाही

व्यक्तीच्या हिशेबाइतकाच शासनाचा हिशेबही इथे महत्त्वाचा आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य आणि किमान २५ चौरस मीटरांचे घर हे प्रमाण ठरले. लाभार्थी निवडताना २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीतील कच्च्या भिंती आणि कच्चे छप्पर हा निकष धरला गेला, आणि त्यामुळे नीट राखलेले माळवद व मोडकळीला आलेली झोपडी एकाच वर्गात मोडली. बेघर आणि जीर्ण घरांतील कुटुंबांसाठी या योजनेने मोलाचे काम केले आहे. पण ज्या कुटुंबाला चार तुळया बदलून, माती हलकी करून आणि भिंती बांधून घेऊन आणखी एक पिढी त्याच घरात सुरक्षित राहता आले असते, त्याच्यासाठी तिच्यात जागा नाही, कारण मदत मिळते ती नव्या घरासाठी.

साहित्याच्या किमतींवरील निर्णयही नव्या बांधकामाभोवतीच फिरतात. जुलै २०१७ पासून सिमेंटवर असलेला २८ टक्के वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. २०२३ च्या वाळू धोरणात डेपोतून ६०० रुपये ब्रासने वाळू देण्याचे ठरले, आणि पुढे घरकुल लाभार्थ्यांना ५ ब्रास वाळू विनामूल्य देण्याचा निर्णय झाला. हे निर्णय स्वागतार्ह आहेत, परंतु लाकडाची दुरुस्ती, वाळवी प्रतिबंध, मातीच्या भिंतींचे मजबुतीकरण किंवा अभियंत्याची एक तपासणी-भेट यांसाठी तशाच सवलतीचा विचार होत नाही. परिणामी माळवद बांधणारा सुतार आणि ते चोपणारा जाणता हात यांना काम उरत नाही, पुढची पिढी ते शिकत नाही, आणि दुरुस्ती करणारेच न उरल्यामुळे दुरुस्ती आणखी महाग होते.

निर्णयांचा क्रम

या सर्व विवेचनातून निघणारा व्यावहारिक निष्कर्ष निर्णयांच्या क्रमासंबंधी आहे. आधी तपासणी : तुळयांची टोके, जी भिंतीत गाडलेली असल्यामुळे सर्वांत आधी कुजतात, ती उघडून पाहणे, माळवदाची जाडी मोजणे, पायाजवळ खड्डा घेणे. त्यानंतर पाणी : छपराचा उतार, पन्हळी, पायाभोवतीचा निचरा, न्हाणीघर. त्यानंतर ओझे : जादा माती उतरवणे, खांब सुरक्षित ठेवणे, भिंती एकमेकींना बांधणे. आणि सर्वांत शेवटी रूप : गिलावा, फरशी, रंग. बहुतेक घरांत हा क्रम नेमका उलटा होतो, कारण रूप दिसते आणि दिवाळी, लग्न किंवा वास्तुशांतीच्या मुदतीला तेच हवे असते. पण पहिल्या तीन पायऱ्यांवर वाचवलेला पैसा चौथीवर दुपटीने जातो.

सगळी माळवदे वाचवावीत असा आग्रह धरणे चुकीचे ठरेल. ज्यांचा सांगाडा कुजला आहे, ज्यांच्या भिंती फुगल्या आहेत किंवा जी पुराच्या पातळीत उभी आहेत, त्यांतून माणसांनी लवकर बाहेर पडणे हेच योग्य. परंतु टेंभुर्णीसारख्या गावात कोणते घर पाडायचे आणि कोणते राखायचे, हा निर्णय आज भीतीवर, शेजाऱ्याच्या स्लॅबवर आणि उपलब्ध अनुदानावर होतो. तो घराच्या प्रत्यक्ष स्थितीवर व्हायला हवा. त्यासाठी ग्रामपंचायत पातळीवर प्रशिक्षित व्यक्तीकडून घरतपासणीची सोय, दुरुस्तीलाही घरकुलाइतका दर्जा देणारे अर्थसाहाय्य, आणि माती-लाकडाचे काम जाणणाऱ्या कारागिरांना औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत शिकवण्याची संधी, एवढ्या तीन गोष्टी झाल्या, तरी असंख्य कुटुंबांची जन्माची पुंजी चुकीच्या जागी गाडली जाण्यापासून वाचेल. माळवदे उभारणाऱ्या पिढ्यांनी दरवर्षी थोडे श्रम घालून घर टिकवले. त्या श्रमांची जागा आता पैशाने घेतली आहे, आणि म्हणून दुरुस्तीला बांधकामाइतकेच गांभीर्य, तितकीच विद्या आणि तितकीच मदत मिळणे हा ग्रामीण निवाऱ्याच्या प्रश्नाचा अविभाज्य भाग मानला पाहिजे.